घरी बसवलेली कॉइल, नाकारलेली वॉरंटी आणि तुमचा आजचा फोन

प्रति,
ग्राहकसेवा विभागप्रमुख

विषय : तुमच्याच पार्ट्स काउंटरवरून घेतलेली इग्निशन कॉइल २३ दिवसांत निकामी, बदलून देण्यास नकार व फोनवर अपमान

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहकसेवेतल्या माणसाने मी बोलत असतानाच फोन ठेवून दिला. हा माझा सहावा फोन होता. सातवा करणार नाही, म्हणून लिहिते आहे. आधीच्या पाचही तक्रारींचे क्रमांक तुम्हीच पाठवलेल्या एसएमएसमध्ये आहेत. ते काढून समोर ठेवा आणि मग पुढचे वाचा.

मार्चमध्ये गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप घेताना झटके मारू लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. तो दिवा स्थिर असणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे, हे तुम्हाला माहीत आहे. मिसफायर होत असताना, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसताना, गाडी तशीच दामटली तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. म्हणून मी त्याच दिवशी गाडी साताऱ्यातल्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा भाग, साफ केली, १,८५० रुपये घेतले आणि पेट्रोल खराब आहे, दुसऱ्या पंपावर भरा, असे सांगून पाठवले. चार दिवसांत पुन्हा तेच झटके. दुसऱ्या खेपेला हातात एस्टिमेट दिले : प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चार कॉइल, चार प्लग, मजुरी, मिळून १४,६०० रुपये. नेमकी कुठली कॉइल गेली, असे विचारले तर सुपरवायझर म्हणाले, "एक गेली की सगळ्या जातात." स्कॅनरवर बिघाडाचा कुठला कोड आला ते दाखवा म्हटले, तर मशीन दुसऱ्या गाडीला लावलंय म्हणाले. म्हणजे कोड न बघताच चौदा हजारांचा आकडा लिहिला होता.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षे मेकॅनिक होते. आता त्यांना वाकता येत नाही. ते अंगणात खुर्ची टाकून बसले, टॉर्च धरला आणि काम मी केले. इंजिन रात्रभर गार होऊ दिले होते. बॅटरीची निगेटिव्ह काढली. १० चा बोल्ट, मग कनेक्टरचे लॉक. हे प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होते म्हणून बाबांनी ते दोनदा नखाने उचलायला लावले, स्क्रू ड्रायव्हर लावू दिला नाही. कॉइल सरळ न ओढता आधी जराशी फिरवून मोकळी केली. चारही कॉइलवर मास्किंग टेप लावून नंबर टाकले. तीन नंबरच्या कॉइलच्या रबरी बुटावर, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या नळीवर, वरून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. स्पार्क प्लगच्या टोकाला न जाता बाजूने इंजिनच्या धातूत पळतो, त्याची ती खूण.

एवढ्यावर न थांबता तीन नंबरच्या सिलिंडरची कॉइल दोनवर आणि दोनची तीनवर लावली. आधी माझ्या स्कॅनरवर पी०३०३ येत होता, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर; अदलाबदलीनंतर पी०३०२ आला, म्हणजे दोनमध्ये. कॉइल जिथे गेली तिथे मिसफायर गेला. या तपासणीला दहा मिनिटे लागली आणि एक पैसा खर्च झाला नाही. तुमच्या सर्व्हिस सेंटरने ती केली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

त्याच सेंटरच्या पार्ट्स काउंटरवरून एक कॉइल २,७३० रुपयांना घेतली. जीएसटीचे पक्के बिल आहे, पार्ट नंबर त्यावर छापलेला आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचे चारही प्लग नवे घातले, फीलर गेजच्या पातळ पट्टीने टोकांमधला गॅप बघितला, ठरावीक जोर लावणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळले. गाडी पहिल्यासारखी पळू लागली.

तेविसाव्या दिवशी आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करून पुण्याहून परत येत होते. खंबाटकी घाट चढताना गाडीने दम टाकला. मागे भरलेला ट्रक, शेजारी डोळ्याला पट्टी लावलेली आई आणि समोर तोच लुकलुकणारा दिवा. पहिल्या गिअरमध्ये कशीबशी गाडी वर आणली. त्या दहा मिनिटांची किंमत मी या पत्रात लावत नाही, कारण ती तुम्हाला देता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तपासणी केली. नवी कॉइल एक नंबरवर टाकली. गार इंजिनवर सगळे ठीक, वीसेक मिनिटे चालवून इंजिन तापले की पी०३०१. तापल्यावर आतले वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेटोळे, दगा देते. हा बसवण्यातला दोष नाही, मालातला दोष आहे. गाडी उभी ठेवणे परवडत नाही म्हणून त्याच काउंटरवर पुन्हा २,७३० रुपये मोजले. ती दुसरी कॉइलही मीच बसवली आणि ती आजही चालते आहे. उरलेल्या तिन्ही जुन्या कॉइल मीच काढून मीच परत बसवल्या होत्या, त्याही चालताहेत. माझ्या हाताचा दोष असता तर तो नेमका तुमच्या एकाच कॉइलला कसा लागला?

आता आजच्या फोनबद्दल. मी सगळे सांगून झाल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, घरात कुणी जेन्ट्स आहेत का?"

मी विचारले, कशाला?

"टेक्निकल आहे ना, त्यांना समजावून सांगतो."

कॉइल मीच बसवली आहे, मलाच सांगा, असे मी म्हटले. त्यावर फोन म्यूट न करता तो शेजारच्याला म्हणाला, "बाईंनी बसवलीये." दोघे हसले. ते हसणे मला ऐकू आले, कारण फोन स्पीकरवर होता. बाबांनाही ऐकू आले. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले. मग तुमचा माणूस परत फोनवर आला आणि म्हणाला, "तुमच्याकडून प्लगची वायर हलली असेल."

महोदय, या गाडीत प्लगला वायर नाही. तुमच्या कंपनीने बनवलेल्या या इंजिनमध्ये प्रत्येक प्लगच्या डोक्यावर थेट कॉइल बसते. मी हे त्याला सांगितले. "मॅडम, आम्हाला शिकवू नका, घरी उघडलं की वॉरंटी संपली," असे म्हणून त्याने फोन ठेवला. ज्याला तुमच्या गाडीत वायर आहे की नाही हे माहीत नाही, त्याने मला घरातला पुरुष बोलवायला सांगितले. बाबांनी फोन घेतला असता तरी त्यांनीही शब्दन् शब्द हेच सांगितले असते.

घरी उघडले की वॉरंटी संपते, असे बिलावर पुढेमागे कुठेही छापलेले नाही. काउंटरवर कुणी सांगितले नाही. कॉइल सुटी विकताना ती ग्राहक कुठेतरी बसवणारच, हे तुम्हाला कळत नव्हते का? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा कार कंपन्यांना बजावले होते की, गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त केली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश बाहेरच्या गॅरेजबद्दल होता, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या कामात चूक कोणती, हे तुम्ही अजून एकदाही सांगितलेले नाही. कॉइल हातात घेऊनही कुणी बघितलेली नाही. सहा फोन झाले, कॉइल कुणी बघितलेली नाही.

आमच्या घरात वीस वर्षे तुमच्याच गाड्या आहेत. पहिली बाबांनी फंडाच्या पैशातून घेतली होती. तिसरी घेणार नाही.

सदोष कॉइलचे २,७३० आणि गरज नसताना केलेल्या थ्रॉटल बॉडी सफाईचे १,८५० रुपये परत करा. वॉरंटी नाकारायची असेल तर कारण लेखी द्या, त्याखाली तांत्रिक माणसाची सही हवी. आणि आजच्या फोनबद्दल माफी मागा, तीही लेखी. त्या कॉलचे रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ते स्वतः ऐका. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि मला वेळ आहे.

दोन्ही खराब कॉइल पुसून, टेपवर तारीख घालून, वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या आहेत. तपासायला माणूस पाठवा. तो येईल तेव्हा बाबा घरी असतील, पण त्याने बोलायचे माझ्याशी.

आपल्या गाडीची मालकीण,
सातारा

सोबत : दोन्ही कॉइलची बिले, जॉब कार्ड व एस्टिमेटची प्रत, स्कॅनरच्या पडद्याचे चार फोटो