वाळूवर 'उत्तरार्ध' नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या (१२ मे २०२५) अंकात प्रेशर कुकरच्या जाहिरातीखाली बीच सॉकर, म्हणजे वाळूवरच्या फुटबॉलच्या, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची बातमी सापडली. ओळी पाच. त्यातही एक वाक्य असे, की 'उत्तरार्धात ब्राझीलने वर्चस्व राखले'. महाशय, या खेळाला उत्तरार्ध नसतो. बारा-बारा मिनिटांचे तीन भाग असतात.

जागा नव्हती म्हणावे तर आयपीएल शुक्रवारपासून बंद. आज कोहलीच्या कसोटी निवृत्तीने पान भरले, ते समजू शकतो. पण काल?

सेशेल्ससारख्या लाख-सव्वा लाख वस्तीच्या बेटांवर विश्वचषक होतो. ज्याला औषधालाही समुद्र नाही तो बेलारूस अंतिम फेरी गाठतो आणि ब्राझीलला ४-३ पर्यंत झुंजवतो. आपण महाराष्ट्रातले मात्र सातशेहून अधिक किलोमीटर किनाऱ्याचे धनी! मार्चमध्ये पट्टायाला आशियाई चषकात भारताचा संघ खेळला, तेव्हा तर कुकरखालीही जागा मिळाली नाही.

रागाचे खरे कारण वेगळे आहे. १९७४ साली मी शिरोड्याच्या पुळणीवर रोज खेळायचो. सुरूच्या फांद्या रोवून गोल, ओहोटी लागली की सुरू, पाणी फांद्यांना लागले की बंद. आंतरशालेय सामन्यांसाठी सावंतवाडीला संघ निघाला त्यात माझे नाव होते. एसटीत बसलोही होतो. सरांनी पायांकडे पाहिले आणि म्हणाले, "पायात बूट नाय, तर खाली उतर." उतरलो. माझ्या जागी ज्याला नेले त्याला चेंडू डाव्या पायाने थांबवता येत नव्हता, पण बूट होते. काकाने मुंबईहून पाठवलेले.

आता या विश्वचषकात बूट घालून वाळूवर उतरूच देत नाहीत. अनवाणीच खेळायचे, असा फिफाचा नियम. सर आज असते तर अंक त्यांच्या घरी नेऊन दिला असता. पण दाखवणार काय? तुमच्या पाच ओळींत अनवाणीचा 'अ'सुद्धा नाही.

जाता जाता आणखी एक. भरती-ओहोटीच्या वेळांचे सदर आपण दिवाळीपासून बंद केले आहे. त्या जागी राशीभविष्य दुप्पट झाले. काल पौर्णिमा होती. पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या सुमारास, हे मला पाठ आहे. पण सुट्टीत आलेला नातू रोज विचारतो, "आजोबा, आज खेळायला कधी जायचे?" त्याला वृश्चिक राशीचे भविष्य वाचून दाखवू काय?

आपला,
शिरोड्याचा एक जुना वर्गणीदार