आबांचे फोटो

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा मी रागात फोन ठेवला, ते चुकलं. पण तू आठ दिवस तापानं पडून होतीस हे मला आत्याकडून कळावं? फोनवर खोकत होतीस आणि म्हणत होतीस, काही नाही बाबा. असो. खोकल्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तू मागितलेले आबांचे फोटो दादानं मोबाईलवर घेतलेत, आज पाठवेल. ट्रंक उघडायला आई तयार नव्हती, वरच आजीच्या साड्या आहेत ना. पहिला फोटो बेळगावचा, भरती झाल्यावरचा. मागं रंगवलेला पडदा आणि आबांच्या अंगात दोघं मावतील असा शर्ट. वय अठरा सांगितलं होतं म्हणे, ओठावर मिसरूडसुद्धा नाही. दुसऱ्यात तंबूपुढं तिघं जण. उजवीकडचे, लोकरीच्या टोपीतले आबा. बाकी दोघांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. मागं पेन्सिलीनं 'इटली' एवढंच लिहिलंय. तिसरा तुला माहीत आहे, देवांच्या मागं असायचा तो.

तू इटलीतल्या सेनिओ नदीच्या बांधावरून पाठवलेला फोटो मी त्या तंबूच्या फोटोशेजारी ठेवून बघितला. नदी म्हणावी तर आपल्या ओढ्याएवढी, आणि बांध मात्र केवढे उंच! दुसऱ्या महायुद्धात जर्मन त्या बांधांच्या पोटात खणून बसले होते. ९ एप्रिल १९४५ ला संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन त्या पाण्यात उतरली. तिच्यातल्या नामदेव जाधवांनी सुरुंगांतून जखमींना सुरक्षित जागी आणलं, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्बनी मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. आबा त्याच बटालियनचे. म्हणजे तेही त्या संध्याकाळी तिथंच कुठंतरी, ओल्या कपड्यांत. तू सायकलवरून पावसात गेलीस, तेव्हा ओले कपडे अंगावर किती वेळ होते?

"तुम्ही त्यांना कधी विचारलं का नाही?" असं तू म्हणालीस. एकदा विचारलं होतं ग. अकरावीत होतो. आबा गोठ्यात धार काढत होते. मी म्हटलं, "आबा, तुम्ही माणूस मारलाय का?" त्यांचा हात थांबला नाही. चरवी भरली, उठले, जाता जाता म्हणाले, "लई थंडी व्हती बघ." मला त्यांच्या लढाईतलं मिळालं ते एवढंच. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांची आठवी भारतीय डिव्हिजन सांग्रो नदीच्या पुरात आणि चिखलात लढत होती, हे मला तू सांगितलंस, त्यांनी नाही. पुढं कृष्णेला पूर आला की ते घाटावर जाऊन एकटेच उभे राहायचे आणि भिजून परत यायचे. आजी टॉवेल घेऊन दारात.

आजारही त्यांनी असाच पोटात ठेवला. शेवटच्या थंडीत रात्रभर खोकायचे. विचारलं की, काही नाही. साताऱ्याला नेऊन छातीचा फोटो काढला तोवर उशीर झाला होता. ती फिल्म ट्रंकेतच आहे, तळाला. ती पाठवत नाही.

म्हणून सांगतो, अंगावर दुखणं काढणं यात मोठेपणा नसतो. बाहेरदेशी तर वेळेवर जेवावं, खोली कोरडी ठेवावी, चार माणसं धरून राहावं... पुन्हा उपदेश झाला. माफ कर. तू तिथं एकटीनं सगळं निभावतेस, ते मला दिसत नाही असं नाही. फोर्लीच्या युद्धस्मारकात, दहन झालेल्या हिंदू-शीख जवानांच्या नावांपुढं तू फुलं ठेवलीस, तो फोटो मी शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना दाखवला. आबांनंतर त्या मुलखात पाय ठेवणारी आपल्या घरातली तूच.

आत्यानं ज्येष्ठमध आणि तुझा मरून रंगाचा मफलर पार्सलमध्ये घातलाय. ते पोचेल तेव्हा पोचेल. त्याआधी डॉक्टरकडं जा, छातीचा फोटो काढायला लाव, आणि जो असेल तो रिपोर्ट मला पाठव.

तुझा,
बाबा

ता. क. आईला मी अजून तापाचं बोललेलो नाही. तिला तूच सांग.