कलांचोसोबतचं माहितीपत्रक बदला

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीच्या माहितीपत्रकामुळे कलांचोचं रोप कुजल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीकडून मागवलेलं दुहेरी पाकळ्यांचं, नारिंगी फुलांचं बुटकं संकरित कलांचो पाच आठवड्यांत गेलं. त्यावर आपल्याकडून एका ओळीचं उत्तर आलं : 'जास्त पाणी घातल्याने रोप मेले, कंपनी जबाबदार नाही.' हे उत्तर मला मान्य नाही. पाणी मी आपल्याच माहितीपत्रकात सांगितलं होतं तेवढंच घालत होते. त्यात छापलंय : 'रोज सकाळी अर्धा कप पाणी द्या. घरात कुठेही ठेवा. वर्षभर फुले येतील.' या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

रोप आलं तेव्हा वीतभर उंच, गच्च पानांचं आणि कळ्यांनी भरलेलं होतं. तिसऱ्या आठवड्यात खालची पानं पिवळी पडली, मग पाणी भरल्यासारखी पारदर्शक झाली. बोट लावलं की गळून हातात यायची. शेवटी रोप उपसून पाहिलं. खोड मातीलगत काळं आणि लिबलिबीत झालं होतं. बाहेरच्या शोभेच्या कुंडीला तळाशी भोकच नव्हतं, त्यामुळे दोन बोटं पाणी साचलेलं. मुळांच्या मधोमध बारीक जाळीत बांधलेला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा निघाला. वरची माती हाताला कोरडी लागत होती, पण तो गोळा पिळल्यावर पाणी ठिबकलं. म्हणजे माती चाचपून पाणी घालणाराही फसणारच. ही जाळी काढायला पत्रकात कुठेही सांगितलेलं नाही.

कलांचो हे मूळचं मादागास्करचं, आपल्या पानफुटीचं भावंड. जाड पानांत ते पाणी साठवून ठेवतं. पानांवरची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतं, म्हणून पाणी फार कमी उडून जातं. अशा झाडाला रोज पाणी म्हणजे मुळांचा श्वास कोंडणं. माती बोटभर खोल कोरडी झाली की मगच भरपूर पाणी घालायचं आणि खाली निथळलेलं ओतून टाकायचं, एवढंच लिहिलं असतं तर माझं रोप आज जिवंत असतं.

वर्षभर फुलांचं आश्वासन तर लोकांची निव्वळ दिशाभूल आहे. रात्र मोठी असल्याशिवाय कलांचोला कळ्याच धरत नाहीत. शेजारच्या काकूंकडे चार वर्षांचं कलांचो आहे. फुलं ओसरली की त्या दांडे छाटतात. पुढे सलग सहा आठवडे संध्याकाळी सहाला त्यावर खोकं पालथं घालतात आणि सकाळी आठला काढतात. चौदा तास पूर्ण अंधार, दिवसा मात्र खिडकीतला लख्ख उजेड. दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत दिवा चालू राहिला तर फुलं येणार कुठून? आपल्या पत्रकावर विसंबलेले किती जण पहिला बहर संपल्यावर धडधाकट झाड कचऱ्यात टाकत असतील, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक गंभीर बाब. कलांचो मांजर-कुत्र्यांना विषारी असतं, त्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. माझ्या घरात मांजर आहे आणि 'कुठेही ठेवा' वाचून मी कुंडी तिच्या खिडकीत ठेवली होती. तिने तोंड लावलं नाही हे नशीब.

माझ्या मागण्या : रोपाचे पूर्ण पैसे परत करावेत, पत्रक दुरुस्त होईपर्यंत त्याचं वाटप थांबवावं आणि नव्या पत्रकात पाणी, जाळी, अंधार व विषारीपणा यांचा स्पष्ट उल्लेख असावा. यापुढे भोक असलेलीच कुंडी द्यावी. पत्रकाची प्रत, कुजलेल्या मुळांचे आणि कुंडीच्या तळाचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सडका भाग कापून शेंड्याच्या दोन फांद्या मी वाचवल्या. तीन दिवस सावलीत सुकवून जाड वाळू मिसळलेल्या मातीत खोचल्या आहेत. त्यातल्या एकीला काल नवं पान फुटलं.

आपली,
एक ग्राहक