काळ्या घोड्यापाशी भेटलेल्या ताईस

प्रिय ताई,

वयानं तू माझ्या लेकीएवढी असशील, तरी ताईच म्हणते, कारण तुझं नाव विचारायचं राहून गेलं. गळ्यातलं स्वयंसेवकाचं ओळखपत्र सबंध वेळ उलटं लोंबत होतं. मी दोनदा वाचायचा प्रयत्न केला, मग बाबांचा हात धरायच्या नादात विसरले. म्हणून हे उघड पत्र. तू वाचलंस तर ओळखशीलच. मुंबईच्या फोर्टात भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवात तू ज्या आंधळ्या आजोबांना सोमवारी सकाळी फिरवलंस, त्यांची मी मुलगी.

त्या दिवशी नीट आभारसुद्धा मानले नाहीत. अकरा वाजून गेले होते, तुला पुढच्या कामाला पळायचं होतं, आणि बाबा तुझा हात सोडेनात. मी नुसतंच 'थँक्यू हं' म्हटलं. ते मला अजून टोचतं.

तुला बाबांबद्दल अर्धंच माहीत आहे, म्हणून आधी ते सांगते. बाबा १९६४ साली अठराव्या वर्षी रत्नागिरीकडून बोटीनं मुंबईत आले आणि बॅलार्ड पिअरच्या एका कचेरीत शिपाई म्हणून लागले. चाळीस वर्षं त्यांनी फोर्टात टपाल पोचवलं. बँका, वकिलांच्या कचेऱ्या, हायकोर्ट, विमा कंपन्या, सगळं पायी. त्या भागातली कुठली गल्ली कुठे निघते, कुठल्या इमारतीचा मागचा जिना कुठे आहे, हे त्यांना पाठ. पण पुढचे दरवाजे बहुतेक बाहेरूनच पाहिलेले. जहांगीर आर्ट गॅलरीच्या छपराखाली कित्येक पावसाळ्यांत ते आडोशाला थांबले असतील, पण आत कधी गेले नाहीत. 'आपलं काय काम तिथं,' म्हणायचे. तिथं प्रवेश फुकट असतो हे त्यांना माहीत होतं. प्रश्न पैशांचा नव्हताच.

सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आता खिडकीकडे तोंड केलं की उजेड आहे की नाही, एवढं कळतं. तेव्हापासून ते फोर्टात आले नव्हते. या फेब्रुवारीत रेडिओवर महोत्सवाचं ऐकलं आणि म्हणाले, 'एकदा नेऊन आण.'

शनिवारी आणलं ती माझी चूक. नऊ दिवसांतला पहिलाच शनिवार, संध्याकाळचे पाच, रॅम्पार्ट रो माणसांनी भरून वाहत होता. रस्ता वाहनांना बंद, दोन्ही बाजूंना कलाकृतींच्या उंच उंच मांडण्या, त्यांच्यासमोर फोटोसाठी गर्दी. मी बाबांना सांगत होते, इथे मोठं चाक आहे, इथे पत्र्याचे पक्षी आहेत. आणि ते धक्के खात, काठी छातीशी धरून उभे. आजूबाजूला जे काही होतं ते सगळं डोळ्यांसाठी होतं. हेरिटेज वॉकच्या, म्हणजे जुन्या इमारती दाखवणाऱ्या फेरीच्या रांगेत मागच्या कुणीतरी सोबतच्याला म्हटलं, 'यांना दिसत नाही, मग बघणार काय?' मुद्दाम दुखवायला बोलला नसेल, पण बाबांनी ऐकलं. 'चल घरी,' म्हणाले.

ते तूही ऐकलं होतंस. तू रांगेतून पुढे आलीस, बाबांसमोर उभी राहिलीस आणि माझ्याशी न बोलता थेट त्यांच्याशी बोललीस. आंधळ्या माणसाशी बोलताना लोक सोबतच्याकडे बघून बोलतात, 'यांना पाणी हवंय का?' असं. तू विचारलंस, 'आजोबा, तुमचं काम इथेच होतं का?' मग म्हणालीस, 'सोमवारी सकाळी साडेआठला या. गर्दी नसते. आपण तिघंच फिरू.'

खरं सांगते, तू येशील असं मला वाटलं नव्हतं. तरुण मुलगी, महोत्सवाची धावपळ, वर कॉलेज. आम्ही पोचलो तेव्हा तू आधीच घोड्याच्या चौथऱ्याशी बसलेली होतीस, मांडीवर एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन.

बाबांनी पहिला प्रश्न केला तो मला अपेक्षितच नव्हता. 'वर कोण बसलंय?' त्यांनी नवा घोडा पाहिलाच नव्हता. कामाला लागले तेव्हा इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा जुना पुतळा तिथे होता, पण १९६५ साली तो हलवला आणि राणीच्या बागेत नेला. म्हणजे बाबांना जेमतेम वर्षभर तो बघायला मिळाला. पुढे पन्नासएक वर्षं तिथे घोडाही नव्हता आणि राजाही नव्हता, तरी सगळे 'काळ्या घोड्यापाशी भेटू' असंच म्हणायचे. तू सांगितलंस की २०१७ साली इथे नवा घोडा उभा केला, पंचवीस फूट उंच, आणि त्याच्या पाठीवर कुणीच नाही. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'बरं केलं.' नंतर पूर्ण आठवडा ते या मोकळ्या पाठीबद्दल बोलत होते.

मग तू डबा उघडलास. रविवारी रात्री जागून शाडूच्या मातीत मुठीएवढा घोडा केला होतास. अजून थोडा ओलसर होता. बाबांच्या तळव्यावर ठेवलास आणि त्यांची बोटं मानेवरून पाठीवर, पाठीवरून शेपटीवर फिरवलीस. 'आता हे आपल्या डोक्यावर, दोन मजल्यांएवढं आहे असं समजा,' म्हणालीस. बाबांनी मान वर केली. ज्याला दिसत नाही तो माणूस वर बघतो तेव्हा काय बघतो ते मला सांगता येणार नाही, पण ते बराच वेळ तसेच उभे होते.

पुढचा तासभर तू त्यांना दगड दाखवलेस. मी डोळस असून त्या दगडांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या कमानीच्या खांबाला तू त्यांचे दोन्ही हात लावलेस. १८७० सालची इमारत, पिवळसर दगड मालाडचा. शेजारचं एल्फिन्स्टन कॉलेज आणि त्या रांगेतल्या बाकीच्या इमारतीही त्याच दगडाच्या. मग सांगितलंस की समोरच्या वस्तुसंग्रहालयाला मालाडच्या या दगडासोबत कुर्ल्याचा राखाडी बेसॉल्ट आहे. बाबा हसले, 'म्हणजे हे सगळे लोकलनं आलेले!' चाळीस वर्षं तेही लोकलनंच आले. त्या क्षणापासून ते पाहुणे राहिले नाहीत. काठी माझ्याकडे दिली आणि भिंतीला हात लावत पुढे चालू लागले.

मग तेच तुला सांगू लागले, आणि तू ऐकत गेलीस. मला यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हे. तुझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं, तरी त्यांना तोडलं नाहीस. एस्प्लनेड मॅन्शनसमोर ते म्हणाले, इथे तिसऱ्या मजल्यावर एका वकिलाला पाकीट द्यायचो, लाकडी जिना करकरायचा. तू म्हणालीस, हे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, लोखंडी सांगाडा इंग्लंडहून घडवून आणलेला, आणि ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा इथेच दाखवली. बाबांना धक्काच बसला. 'आणि मी वर्षानुवर्षं तिथं पाकिटं देत होतो!' आता ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतात, जिन्याच्या करकरीसकट.

रॅम्पार्ट रो या नावाचा अर्थही त्यांना त्या दिवशी कळला. रॅम्पार्ट म्हणजे तटबंदी, जुन्या किल्ल्याची. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात ती पाडली, भिंत गेली आणि नाव तेवढं रस्त्याला राहिलं. घोड्यासारखंच. हे तू म्हणाली नाहीस, बाबा म्हणाले.

आणि राजाबाई टॉवर. सव्वानऊचे ठोके पडले तशी तू बोलता बोलता थांबलीस. बाबांनी लगेच बोट केलं, बरोबर टॉवरच्या दिशेला. त्याच ठोक्यांवर त्यांनी आयुष्यभर टपाल पोचवलं होतं. तेव्हा तू ती गोष्ट सांगितलीस. त्या काळचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरसाठी पैसा दिला तो आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं म्हणून. असं सांगतात की त्या अंध होत्या, आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायच्या. वेळ कळायला कुणाला विचारावं लागू नये म्हणून हे घड्याळ. १८७८ साली टॉवर पूर्ण झाला. इतक्या वर्षांत बाबांनी त्या टॉवरकडे फक्त बघितलं होतं, आणि तो बांधला होता न बघणाऱ्या बाईसाठी! ही गोष्ट तू त्यांच्यासाठी मुद्दाम राखून ठेवली होतीस, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. कीव करत सांगितली असतीस तर ते तिथूनच परतले असते. एखाद्या ओळखीच्या बाईची खबर द्यावी तशी तू ती सांगितलीस.

संग्रहालयाचं तिकीट तूच काढलंस, मला पैसे देऊ दिले नाहीस. तिथे आपण फार वेळ थांबलो नाही, बाबा दमले होते. पण पहिल्या महायुद्धात ही इमारत लष्करी रुग्णालय होती हे ऐकून त्यांनी भिंतीवर हात ठेवला तो काढेचनात.

शेवटी जहांगीर. दार उघडताच, अकरा वाजता, आपण पायऱ्यांशी होतो. बाबा थबकले. तू काहीच म्हटलं नाहीस, फक्त 'तीन पायऱ्या आहेत, मग सपाट' एवढंच. आत गेल्यावर त्यांनी पहिलं काय केलं आठवतं? चप्पल काढायला वाकले. मला रडू आलं आणि तू पटकन त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणालीस, 'असू दे आजोबा, इथे सगळे चपला घालूनच येतात.' आतल्या दालनात चित्रं होती, हात लावता येईल असं काहीच नव्हतं. एका मोठ्या चित्रासमोर तू सांगायला लागलीस, खाली गडद निळा, वर तांबडा, मध्ये काहीतरी... आणि थांबलीस. म्हणालीस, 'आजोबा, हे मला नीट सांगता येत नाहीये.' बाबांना ते फार भावलं. लोक त्यांच्यापुढे सगळं सोपं आणि गोड करून ठेवतात. तू जमत नाही ते जमत नाही म्हणालीस. मग दोघं नुसतेच त्या चित्रासमोर उभे राहिलात, दोन मिनिटं असतील.

ताई, हा महोत्सव १९९९ पासून होतोय, आणि मला तो मनापासून प्रिय आहे. फुकट आहे, रस्त्यावर आहे, आणि आमच्यासारख्यांना कुणी अडवत नाही. वर त्यातून उरलेले पैसे त्याच भागातल्या इमारतींच्या डागडुजीला लागतात. पण तुझ्यामुळे एक गोष्ट डोळ्यांसमोर आली, ती आयोजकांपर्यंत पोचावी म्हणून इथे लिहिते. नऊ दिवसांतली एक सकाळ अशी ठेवा की मांडण्यांना हात लावता येईल, माणसं कमी असतील आणि सांगणाऱ्याला घाई नसेल. दगड तर आहेतच तिथे, दीडशे वर्षांचे. त्यांना हात लावायला परवानगीही लागत नाही. लागते ती तुझ्यासारखी एक मुलगी, जी रविवारची रात्र माती मळण्यात घालवते. खर्च म्हणावा तर एवढाच.

घरी काय झालं तेही तुला कळायला हवं. बाबा सात वर्षांत आपल्या नोकरीबद्दल बोलले नव्हते. आता नातवाला फोर्टचा नकाशा जेवणाच्या ताटावर करून दाखवतात. वाटी म्हणजे हॉर्निमन सर्कल, चमचा म्हणजे महात्मा गांधी रोड, आणि मीठ जिथे वाढलंय तिथे काळा घोडा. नातू मुद्दाम वाटी सरकवतो, आणि बाबा हात लावून बरोबर ओळखतात.

तुझा घोडा टीव्हीशेजारी, हाताला लागेल असा ठेवलाय. मागच्या आठवड्यात पुसताना माझ्या हातून पडला आणि त्याचा मागचा डावा पाय मोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिंकानं चिकटवते म्हटलं तर बाबांनी अजिबात ऐकलं नाही. म्हणाले, 'जिनं केलाय तीच लावेल, ती येईल की.' तो पाय त्यांनी काड्यापेटीत घालून स्वतःच्या उशाखाली ठेवलाय. कधी येतेस?

तुझी,
आजोबांची मुलगी