मोह संपेपर्यंत सकाळी फोन लागणार नाही

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

आई सकाळी फोनच उचलत नाही, अशी तू बाबांजवळ तक्रार केली म्हणे. वरून मोठ्या आईला फोन करून तिला आपल्या अंगणात पळवलं. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. मी चांगली धडधाकट आहे. सकाळी माझा फोन तांदळाच्या कोठीत असतो आणि मोहाची फुलं पडताहेत तोवर तिथेच राहील. हेच फोनवर सांगितलं असतं, तर 'हो आई, बरं आई' म्हणत तू दुसरंच काहीतरी पाहत बसला असता. म्हणून जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर लिहून राहिली आहे. आमची अंगणवाडीची अकरा रजिस्टरं असायची, तुला आठवत असतील. लिहिणं फोनवर गेलं, कोरी पानं मात्र अजून संपली नाहीत.

माझं अंगणवाडी सेविकेचं काम तुला माहीत आहे, पण तू नागपूरला गेल्यावर ते किती बदललं ते नाही माहीत. आधी घरपोच आहाराची पाकिटं आली की बायका यायच्या, सही नाहीतर अंगठा द्यायच्या आणि पाकीट पिशवीत टाकून घरी जायच्या. १ जुलै २०२५ पासून आधी चेहरा जुळावा लागतो. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर बाईच्या आधारची केवायसी करायची, तिच्या नंबरवर ओटीपी येतो तो टाकायचा, फोटो काढायचा. पुढे आहार देताना पुन्हा तिच्या तोंडासमोर फोन धरायचा, तिनं डोळे मिचकवायचे आणि फोनला पटलं की हीच ती, तर पाकीट.

टोलीवरच्या एका सुनेची गोष्ट सांगते. घरात फोन एकच, तो नवऱ्याजवळ आणि नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. अंगणवाडीत रेंज नाही, म्हणून ती, तिचं कडेवरचं लेकरू, मदतनीस ताई आणि मी अशी आमची वरात तलावाच्या पाळीवर गेली. तिथं चिंचेखाली रेंजच्या दोन काड्या दिसतात. मदतनीस ताईच्या फोनवरून नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं, हलू नको, फोन हातात धरून ठेव. मी इकडे नंबर टाकला, ओटीपी तिकडे मिरचीच्या वावरात गेला. पण त्याचे हात मिरचीचे. तेच हात फोनला आणि मग डोळ्याला लागतील म्हणून तो काही बोट लावेना. त्यानं शेजारच्या पोराला वाचायला सांगितलं, तर पोरानं सगळे आकडे तेलुगूत वाचले. 'मले नाई समजत गा' म्हणून ही इकडून ओरडली, तेव्हा तो इंग्रजीत वाचू लागला. चार आकडे आले आणि आवाज तुटला. पुन्हा लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. पाळीखाली गुरं पाणी पिऊन घराकडे गेली, आम्ही चिंचेखालीच.

कधीतरी तो ओटीपी मिळाला. मग फोटो. पोरगी लाजरी, डोळे मिचकव म्हटलं तर मिटले ते उघडेचना. लेकरू खिदळायला लागलं, त्यानं आईचा पदर ओढला, फोन हलला आणि चेहरा जुळत नाही असं आलं. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, गाल बसलेले; आता बाळंतपणानंतर चेहरा भरला आहे. बाबू, ती या गावात सून म्हणून आली त्या दिवशी मी मांडवात होते. गरोदरपणी तिचं वजन दर महिन्याला मीच केलं. पण मी तिला ओळखते, हे टाकायला त्या फोनमध्ये कुठे जागाच नाही. पाकीट भेटलं तिला, दुसऱ्या दिवशी.

फोन वाईट असं मी म्हणत नाही, आणि म्हणायला मला तोंडही नाही. मागच्या पावसाळ्यात एका बाईला रात्री कळा लागल्या तेव्हा १०८ ला फोन त्याच पाळीवरून लागला. उंची-वजन टाकलं की लेकरू कोणत्या गटात बसतं ते फोन तिथल्या तिथं सांगतो. आधी तक्त्यावर ठिपके देता देता माझे डोळे दुखायचे. पण दंडघेराची पट्टीही माझ्याच पिशवीत आहे. लेकराच्या दंडाला गुंडाळली आणि ११.५ सेंटीमीटरच्या आत आली की धोका. तिला चार्जिंग लागत नाही की रेंज. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या आम्ही सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले, तेव्हा तू विचारलं होतं, फोन कोणी परत करतं का. करतं. तो हातात तापायचा, ॲप त्यात मावायचं नाही आणि मावलं तर इंग्रजीत उघडायचं.

बाबांचं तर विचारूच नको. उन्हाळी धानासाठी त्यांनी मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला आहे. खाटेवर पडल्या पडल्या मोटारीला फोन लावतात आणि 'लागली' म्हणून मला सांगतात. तुझ्यापेक्षा मोटारीशी त्यांचं बोलणं जास्त होतं. आधी वीज आली की रात्री-बेरात्री धानाच्या बांधीवर जावं लागायचं, धुऱ्यावर सापाची भीती, ते वाचलं हे खरं. पण परवा फोन लागला नाही तर ते बॅटरी घेऊन बांधीवर न जाता, रेंज शोधत पाळीवर गेले. बांधी जवळ होती.

तू मित्रांसोबत पेंचला तारे पाहायला गेला होता, ते तू किती आनंदानं सांगितलं. २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, आकाश काळं राहावं म्हणून आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले, हे मला तुझ्याकडूनच कळलं. आणि तिथून तू मला अंधाराचा फोटो पाठवला. सगळा काळा. मी मोठ्या आईला दाखवला तर ती म्हणाली, फोन बिघडला का. ताडोब्याचंही तसंच. सफारीचं बुकिंग ऑनलाइन, म्हणजे फोनवाचून जंगलात शिरता येत नाही, आणि आत मोबाईलला बंदी. बंदी चांगली आहे. पण ज्याला पैसे भरून दोन-चार तास फोन सोडावा लागतो, त्याला तो फुकट सोडता येत नाही का, हे मला कळत नाही. आपल्या नवेगावबांधलाही रविवारी गाड्या येतात. तलावाकडे पाठ करून फोटो काढतात आणि तलाव पाहून आलो म्हणतात.

मी कोणत्या पार्कात जात नाही. मोह वेचायला जाते.

यंदा होळीनंतर पडायला लागला. रात्र सरत आली की गळायला लागतो आणि ऊन वर येईस्तोवर पडत राहतो. म्हणून चारच्या सुमारास उठायचं, बॅटरी, टोपल्या आणि पाण्याची बाटली घ्यायची. एकटी कोणी जात नाही. २०१३ ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, पण अस्वलाला मोह आवडतो हे आम्हाला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. म्हणून मोठमोठ्यानं बोलत जायचं, म्हणजे त्याला कळतं की माणसं आली. गावातली सगळी भांडणं त्या वाटेवर निघतात आणि झाडापाशी पोचेपर्यंत मिटलेली असतात.

झाडाखालचा पाला आम्ही आदल्या दिवशी झाडून ठेवतो. काही जण अजून जाळतात. जाळू नका म्हणून वनखातं सांगतं ते बरोबरच आहे, वारा फिरला तर सगळा डोंगर पेटतो. फूल तर तुला माहीतच आहे, फुगीर, मेणकट पांढरं, मध्ये भोक. दव असतं तोवर टणक. दोन्ही हातांनी वेचायचं, वाकून, मग बसून, मग बसल्या बसल्या सरकत. वरून आणखी पडतच असतो, पदरावर, पाठीवर, भरलेल्या टोपलीत. थोड्या वेळात बोटं अशी चिकट होतात की आधी पाण्यानं धुवावी तेव्हा बाटलीचं झाकण उघडतं. फोन सोबत असता तरी त्यानं माझा अंगठा ओळखला नसता.

सुरुवातीला हात सारखा कमरेला जायचा, जिथं फोन खोचलेला असतो तिथं. काही वाजलेलं नसताना वाजल्यासारखं वाटायचं. सुपरवायझर मॅडमचा मेसेज आला असेल, ग्रुपवर फोटो मागितले असतील, कोणाची केवायसी राहिली असेल. मॅडमना मी सांगून टाकलं की अंगणवाडी उघडेपर्यंत मी फोनवर नसते. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे हात आपोआप जायचा थांबला. वेळ कळायला मुक्कामी एसटी आहेच, ती गाव सोडताना हॉर्न देते, तेव्हा पहिली टोपली भरलेली असावी लागते. दुसरी भरली की घरी येते, अंगणात मोह वाळत घालते, आंघोळ करते आणि मग कोठीतून फोन काढते. तोवर त्यात काय काय साचलेलं असतं ते तुला सांगत नाही, तुझाच एक मेसेज असतो, 'कुठे आहे?'

ते काम सोपं आहे असं समजू नको. कंबर धरते, आणि वाळून मोह केवढासा उरतो तेही पाहिलं आहेस. तरी मी जाते. मोठी आई म्हणते, ही पैशासाठी नाही येत, ही लपायला येते. म्हणू दे.

तुला काही तातडीचं असलं तर त्या वेळी बाबांना फोन करायचा, मोठ्या आईला नाही. आणि सुट्टी भेटली तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ये. आपल्या वाट्याच्या दोन झाडांखाली वेचायला माणूस नाही, सकाळी गुरं खाऊन जातात. नागपूरहून साकोलीपर्यंत गाड्या भरपूर आहेत, तिथून संध्याकाळची मुक्कामी गाडी पकड. पहाटे मी उठवीन, तू गजर लावू नको. कोठीत दोन फोन मावतात.

तुझी,
आई

ता. क. : मोटारीच्या सिमचा रिचार्ज संपत आला आहे. बाबा तीन दिवसांपासून सांगून राहिले. तेवढा तिकडून मारून दे.