पौर्णिमेच्या रात्री आमची नौका राखणाऱ्या तांडेलकाकांस

आदरणीय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री आपण आमच्यासाठी जे केले, त्याचे मोल आपण घेतले नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आभाराचे दोन शब्दही पुरते बोलू दिले नाहीत. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहोत. शिडाच्या नौकेवर संसार करणाऱ्या माणसांना आपण काय दिलेत, हे इतरांनाही कळावे अशी आमची इच्छा आहे.

गोव्यात मांडवी नदीत, पणजीसमोरच्या बेतीजवळ नांगर टाकून राहताना किनारा हाकेच्या अंतरावर असतो, पण आम्ही दोघे एकाच वेळी नौका सोडून लांब जाऊ शकत नाही. एकाने बाजारात जायचे तर दुसऱ्याने मागे थांबायचे, हा आमचा नेम आहे. त्यामुळे जत्रा असो वा भजनी सप्ताह, तो आमच्यापैकी एकालाच पाहायला मिळतो आणि दुसऱ्याला त्याचे वर्णन ऐकून समाधान मानावे लागते. त्रिपुरारीच्या रात्री सजवलेल्या छोट्या नौका नदीत सोडण्याची स्पर्धा असते तो विठ्ठलापूर-साखळीचा नौकोत्सव मात्र दोघांनी मिळून पाहावा, असे फार दिवसांपासून मनात होते. आमची नौका घेऊन तिकडे जाणे शक्यच नव्हते, कारण डोलकाठी पणजीच्या पुलांखालून जात नाही आणि पुढे साखळीच्या वाळवंटी नदीला तेवढे पाणीही नाही. जायचे तर डिचोलीमार्गे बसने, आणि रात्रभर नौका एकटी ठेवून.

त्यातही रात्र पौर्णिमेची. उधाणाच्या दिवसांत मांडवीच्या मुखाशी पाणी दोन मीटरांच्या आसपास चढते-उतरते. मध्यरात्रीच्या सुमारास भरती संपून ओहोटी लागली की प्रवाह समुद्राकडे जोराने ओढू लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी जमिनीकडून येणारा मतलई वाराही त्याच दिशेने रेटतो. दोन्ही ओढी एकत्र आल्या की नांगर घसरण्याचा धोका सर्वांत अधिक. म्हणजे ज्या रात्री सण, त्याच रात्री नौका सोडू नये अशी स्थिती. हे सारे आम्ही आपल्याला सांगण्यापूर्वीच आपण जाणले होते. आपण कोंकणीत फक्त एवढेच म्हणालात, "तुमी वचात, हांव आसां" (तुम्ही जा, मी आहे).

आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाचे ते शब्द होते, म्हणून आम्ही निर्धास्त निघालो. साखळीत आपल्या अक्कांनी आम्हाला सख्ख्या माणसांसारखे जेवू घातले आणि गर्दी वाढण्यापूर्वी नदीकाठी जागा धरून दिली. विठ्ठलमंदिराच्या परिसरातली रोषणाई, काठावर बसलेली कुटुंबे, पाण्यात सोडलेले दिवे हे सर्व सुंदर होतेच. पण आमचे डोळे खिळले ते स्पर्धेतल्या नौकांवर. थर्माकोल, पुठ्ठा आणि प्लायवूड यांपासून बनवलेल्या त्या नौकांची शिडे, दोर आणि डोलकाठ्या आम्ही एकेक करून न्याहाळत होतो. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलाने आपल्या नौकेच्या तळाशी खडे भरून नीरम, म्हणजे तोल राखणारे वजन, दिले होते आणि पाण्यात सोडण्यापूर्वी ती एका बाजूला कलते का, हे तो पुन्हा पुन्हा पाहत होता. मोठमोठ्या सजवलेल्या नौकांपेक्षा ती छोटी नौका आम्हाला अधिक आवडली, कारण आमची नौकाही तळाच्या वजनावरच सरळ उभी राहते. तो तोल साधण्याची धडपड आम्हा दोघांना एकत्र पाहता आली आणि त्याविषयी तिथेच, त्या मुलाशी, बोलता आले. त्रिपुरासुराच्या वधाच्या देखाव्याच्या वेळी उठलेला जयघोषही आम्ही शेजारी उभे राहून ऐकला.

पहाटे परतलो तेव्हा आपण सुकाणूजवळ बसला होता. आमच्या नोंदवहीत आपण तासातासाची नोंद केली होती: पाणी केव्हा फिरले, वारा कुठून आला, नांगर घसरला का हे कळावे म्हणून धक्क्यावरचा दिवा आणि त्यामागच्या टेकडीवरचा दिवा एका रेषेत आहेत की नाहीत. ओहोटीचा जोर वाढल्यावर आपण नांगराचा साखळदंड आणखी सोडला होता, तेही वहीत होते. इतक्या नेटक्या नोंदी आम्ही स्वतःही ठेवत नाही. आता ते पान पाहूनच ठेवू लागलो आहोत.

नंतर अक्कांकडून समजले की दर वर्षी त्रिपुरारीला आपण त्यांच्याकडे जाता, आणि यंदा आमच्यामुळे गेला नाहीत. आपण हे आम्हाला कळू दिले नाही. कळले असते तर आम्ही निघालोच नसतो, हे आपल्याला ठाऊक असणार.

आता एक विनंती आहे, ती नाकारू नये. पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा मांडवीत येऊ. येत्या त्रिपुरारीला आपण सहकुटुंब साखळीला जावे. धक्क्याला बांधलेली आपली होडी त्या रात्री आम्ही राखू, आणि सकाळी तिची नोंद आपल्या हाती देऊ. अक्कांना आमचा साष्टांग नमस्कार सांगावा, आणि त्या मुलाची नौका शेवटपर्यंत तरंगली का, तेवढे त्यांना विचारून आम्हाला अवश्य कळवावे.

आपले ऋणी,
बेतीजवळच्या शिडाच्या नौकेवरील दोघे