आवाज ऐकून घेणाऱ्या शेजारच्या काकांना

काका, समोर बोलायला गेलं की तुम्ही "जाऊ दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. थँक यू. अगदी मनापासून.

झालं असं की आमच्या जुन्या डिझेल गाडीतून सकाळी स्टार्ट केली की घरघर यायची, मध्येच कुईं, रेस दिली की अजून वाढायची. रिंग रोडवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काउंटरवरच्याने विचारलं आवाज कसा येतो, मी तोंडाने काढून दाखवला तर आतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मग बॉनेटला धड हातही न लावता निकाल, इंजिन खोलावं लागेल, ४० हजार धरून चला, आणि वर "मॅडम, सर को भेज दीजिए". सर पुण्यात नोकरीला आहेत, गाडी मी चालवते, पण असो.

त्या संध्याकाळी गेटपाशी तुम्ही विचारलंत तेव्हा परत तो आवाज काढायची मला लाजच वाटत होती. तुम्ही भाजीची पिशवी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "काढ ना, मला तोच ऐकायचाय." डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "आता गाडी गरम झाल्यावर कसा येतो तो काढ." गरम झाल्यावर वेगळा येतो हे मला पक्कं माहीत होतं हो, पण तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं! काका, खरं सांगते, तिथेच माझं अर्धं टेन्शन गेलं.

इंदूरजवळच्या पीथमपूरला इतकी वर्षं इंजिनांच्या गोंगाटात काढलेला माणूस, सकाळी इंजिन थंड असतानाच हजर. आधी मला ओढणी घट्ट बांधायला लावलीत, मग लांब पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवून मूठ कानाला, आणि प्रत्येक वेळी मलाही ऐकवलंत. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) साफ, आयडलर पुलीच्या (बेल्टला वाट दाखवणारं छोटं चाक) बोल्टवर मात्र नुसती खरखर. खात्रीसाठी बेल्ट काढून गाडी जराशी चालू केली (आमच्या गाडीत हा बेल्ट नसला की पाण्याचा पंप आणि चार्जिंग दोन्ही थांबतं, म्हणून लगेच बंद), तर आवाज गायब! म्हणजे इंजिनच्या आत काही नव्हतंच, पुलीचं बेअरिंग गेलं होतं, हाताने फिरवली तर वाळू भरल्यासारखी लागत होती. नवीन पुली हजाराच्या आत आली.

हुशार माणसं आपल्या इंदूरमध्ये गल्लोगल्ली आहेत, पण समोरच्याला येडं न ठरवता ऐकून घेणारी किती? आणि त्या वर्कशॉपवाल्यांनो, गिऱ्हाइकाने तोंडाने काढलेला आवाज म्हणजे फुकटात मिळालेली माहिती आहे, हसताय काय.

पैशाचं नाव काढलं की तुम्ही रागावता, म्हणून काकूंना सांगा, रविवारी नाश्त्याचं काही करू नका. पोहे-जिलेबी मी आणतेय, आणि तुमची शुगर लक्षात आहे, जिलेबी काकूंसाठी.